अडकलेला डफ

ती गोष्ट गोजराबाईनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा जगदेव तीन दिवसांचा होता. आता जगदेवचीच दोन पोरं शाळेत जात होती, तरी रामरावांची गोष्ट काही थकली नव्हती. उलट दर वर्षी तिला नवा फाटा फुटायचा. सुरुवातीला किन्हीराजाच्या मैदानात पाचशे माणूस होतं. जगदेवच्या लग्नापर्यंत ते दोन हजारांवर गेलं. मागच्या दिवाळीत तर माणसं झाडावर चढून बसली होती आणि त्यांच्या वजनानं एक फांदी कडाडून मोडली होती. ही फांदी गोजराबाईनं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकली. बरं, काही बोलावं तर नवरा म्हणणार, तू होती का तिथी? नव्हती. ती कुठं होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

गोष्ट कलगी-तुऱ्याच्या सामन्याची. दिल्लीला दरबार भरला त्या सालची, चैताच्या पुनवेची. कलगीवाले म्हणायचे शक्ती मोठी, तुरेवाले म्हणायचे शिव मोठा, आणि रातभर डफ-तुणतुण्यावर एकमेकांना सवाल घालायचे. ज्याला सवालाचं उत्तर सुचलं नाही त्याचा डफ अडकायचा. तो जिंकणाऱ्याच्या घरी जायचा, आणि उत्तर घेऊन दारात आल्याशिवाय परत मिळायचा नाही, मग वर्ष लागो की जन्म जावो. रामराव तुऱ्याचे. त्यांनी सवाल घातला, किन्हीराजाच्या गुलाम नबीचा कलगीचा फड गप्प झाला, आणि गुलाम नबीचा डफ शेलूबाजारला येऊन गोजराबाईच्या वसरीत खुंटीवर चढला तो आजपर्यंत.

डफ जिंकला त्यांनी आणि सांभाळला तिनं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं म्हणून चुलीजवळ शेकायचं, उंदीर कुरतडतात म्हणून रोज राती खुंटीवरून काढून कोठीत टांगायचं, सकाळी पुन्हा खुंटीवर, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. सासू होती तोवर आणखी एक, चामड्याला हात लावला की हात धू. एवढी निगा तिनं लेकरांचीसुद्धा केली नसेल.

आता त्या गुलाम नबीचा निरोप आला होता. उत्तर सापडलं. मालेगावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत एका तरटावर बसलेली सतरा पोरं, कोणी पुढं कलगीत गेली, कोणी तुऱ्यात, त्यातली सहा आता उरली होती. त्या सहांनी चैताच्या पुनवेला किन्हीराजाला जमायचं, रातभर गायचं, आणि गुलाम नबीनं भर मैदानात डफ सोडवून न्यायचा. आठ दिवसांपासून रामराव जमिनीवर नव्हते. बावन्न वर्षांचा माणूस, पण आरशासमोर उभं राहून फेटा बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. ते पाहून गोजराबाईचं डोकं फिरायचं.

आज पुनव होती. दुपार कलली तशी रामरावांनी बसायची हलकी गाडी, दमणी, अंगणात ओढली आणि बैलांच्या शिंगांना तेल लावायला घेतलं.

"दमनी आज हलाची नाही," गोजराबाई उंबऱ्यातून म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

"मी सांगून राह्यली. सकाळी कमलीबाई काय बोलून गेली, तवा कानात बोळे होते का तुमच्या? पोरीच्या पायावर सूज हाय. लेकरू सरळ नाही लागत हाताले. कळा सुरू झाल्या त माही वाट पाहू नका, सरळ वाशिमच्या दवाखान्यात न्या, असं सुईन सोताच्या तोंडानं म्हनते. तुमी दमनी घेऊन जासान, अन् पोरीले काय मी पाठीवर नेऊ?"

"आठ दिवस हायेत म्हने अजून."

"चार-आठ म्हनली ते. चार तुमाले ऐकू नाही आले."

"एका रातीची त गोष्ट हाय, गोजरे. सूर्य निंगाच्या आंधी दारात असतो पाय."

गोजराबाईनं हे आधीही एकदा ऐकलं होतं. हेच वाक्य, ह्याच अंगणात, एका बैलाच्या शिंगावर हात ठेवून. बैल तेवढे दुसरे होते.

जगदेव गोठ्यातून पेंडीचं घमेलं घेऊन आला. बापाची गोष्ट ऐकत वाढलेलं पोर, ती त्याला बापापेक्षाही चांगली सांगता यायची. आज तो झिलकरी म्हणून मागं उभा राहून सूर धरणार होता, त्यासाठी नवीन सदरा शिवला होता.

"माय, शेताची बंडी हाय न आपली, गोठ्यात दुसरी जोडी हाय. वेळ आलीच त बंडी जुंपजो."

"बंडीचं चाक देवला सुताराच्या दारात पडलं हाय. आठ दिवस झाले, तूच टाकून आला. आनाले सांगतलं त तू म्हनला, उद्या आनतो."

"मंग कोनाची मांगून घेऊ."

"कोनाची? अर्धं गाव बाबूसिंगच्या पोराच्या वऱ्हाडात गेलं, तुही बायको-पोरं गेले, गाड्या गेल्या. वाशिमची मोटर सकाळीच निंगून गेली. सांग, कोनाची?"

जगदेवनं बापाकडं पाहिलं. बापानं बैलाच्या कानाकडं. दोघांचं हे असंच, एक अडकला की दुसरा दुसरीकडं पाहणार.

आतून रंगू आली, भिंतीला धरून. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, पाऊल टाकताना ओठ चावायची. आता ही तरी आईच्या बाजूनं बोलेल, तर ही बापाची लाडकी.

"जाऊ दे न वं माय. मले काई होत नाही. बाबाचं तोंड पाय कसं उतरलं."

"तू आत जाऊन पड," गोजराबाई म्हणाली. जिच्यासाठी चोरांशी भांडावं तीच चोराला दार उघडून देते, याला काय म्हणायचं? घरात तिघं, आणि तिघं एकीकडं.

तेवढ्यात फय्याज आला. रामरावांचा तरटावरचा दोस्त, तुऱ्याच्या फडाचा तुणतुणेवाला, धंद्यानं बांगड्या भरणारा मन्यार. पंचक्रोशीतल्या बायकांच्या मनगटांची मापं त्याला पाठ होती. आज मिशीला मेंदी होती, कानात अत्तराचा फाया होता, बगलेत तुणतुणं होतं. त्याच्या मागून काठी टेकत त्याची आई रहमतबी आली. ती रंगूच्या पायांना कोमट तेल चोळायला रोज यायची. सत्तरी उलटली तरी तिच्या बोटांत जोर होता.

"भाबी, आज नाराज नको होऊ," फय्याज म्हणाला. "अठ्ठावीस साल बाद बुलावा आला."

"तुमच्या घरी गाडी हाय का, फय्याजभाऊ?"

"माही गाडी म्हंजे माह्या डोक्यावरची टोपली. काहून?"

गोजराबाईनं सांगितलं. फय्याजचं तोंड जरा लांबलं, पण तुणतुणं बगलेतच राहिलं. "बात त बराबर हाय. पर रामराव नाही आला त डफ कोन नेईन? जितनेवाल्यानंच आपल्या गाडीत वाजतगाजत नेला पायजे. तसा कायदाच हाय."

"कायदा," गोजराबाई म्हणाली. "बरं."

रहमतबी खांबाला टेकून बसली होती. "रामा, गाडी ठेव घरी."

"चाची, आता तूबी?"

"मी कायले बोलू. मी तवाबी नाही बोलली." एवढं म्हणून ती रंगूला घेऊन आत गेली. रामरावांनी दुसऱ्या शिंगाला तेल लावायला घेतलं, आणि पुरे झालं तरी लावतच राहिले.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं फाटकात खरोखरच तट्टू येऊन थांबलं. तट्टावर गुलाम नबी. एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दाढी पांढरी झालेली, पण पाठ ताठ. ज्याचा डफ अडकला त्यानं जिंकणाऱ्याच्या दारात स्वतः येऊन बोलावणं द्यायचं, हाही कायदाच. त्यानं जोडा अंगणात काढला, वसरीत आला, आणि कोणाशी एक शब्द न बोलता खुंटीसमोर उभा राहिला. मग बोटानं डफावर हलकेच टिचकी मारली. डफ खणखणीत बोलला.

"कातडं अजून तंग हाय," तो म्हणाला. "मले वाटलं, उंदरानं खाल्लं असीन. कोनं राखलं असं?"

"आमी जपला न," रामराव म्हणाले. "जितलेली चीज हाय, जपाच लागते."

चुलीवर चहा उकळत होता. गोजराबाई आत वळली, नाहीतर तिच्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही. आमी जपला! ह्या माणसानं अठ्ठावीस वर्षांत त्या डफाला हात लावला असेल तो पाहुण्यांना दाखवायला.

बाहेर तिघं बसले आणि सुरू झाले. आधी शाळा. गुरुजींची निरगुडीची छडी, गुलाम नबीची फुटलेली पाटी, फय्याजनं परीक्षेच्या दिवशी गुरुजींच्या उशीखाली सोडलेला बेडूक. कोण वारला, कोणाची नजर गेली, कोणाला पोरं विचारत नाहीत. हसता हसता तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर ऐकताना गोजराबाईलाही बरं वाटलं. माणसाला एक तरट आठवावं, त्यावरची पोरं आठवावीत, यात वाईट काय? तिच्या माहेरी सागरगोटे खेळणाऱ्या पाच पोरी होत्या. लग्नं झाली, पाच गावांना गेल्या, परत एकत्र कधी बसल्या नाहीत. कोणाचा निरोप नाही, कोणाचं तट्टू नाही.

मग ती रात आली. येणारच होती.

"दोन हजार माणूस," रामराव म्हणाले. "लोकं झाडावर. एक फांदी अशी कडाडली..."

"कोनतं झाड?" गुलाम नबीनं विचारलं. "त्या मैदानात झाड कुठी होतं बावा?"

फय्याज खोकला. जगदेवनं मान खाली घातली. आत गोजराबाईनं पदर तोंडाला लावला, आणि त्या एका क्षणापुरता तिला गुलाम नबी सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला.

"झाड जाऊ दे," रामराव म्हणाले. "कोंबडं आरवाले आलं, तरी कोनी हटत नोतं. मंग मी उठलो. डफावर थाप मारली. अन् सवाल टाकला. तिथी तुमी खल्लास."

"खल्लास," गुलाम नबीनं कबूल केलं. मग त्यानं अंगरख्याच्या खिशातून कागदांची सुरळी काढली. "अठ्ठावीस वर्षं झोपलो नाही मी त्या सवालानं. नमाजाले उभा राह्यलो तरी तोच. आता चाळीस कडव्याचं उत्तर बांधलं. आज राती मैदानात म्हनतो, अन् मंग मराले मोकळा."

"म्हन, म्हन. पर गोष्टीचा शेवट त ऐक. सकाळी दमनीत तुहा डफ टाकून, गात गात आमी घरी आलो. पाह्यतो त काय, पाळन्यात हा जगदेव. तुऱ्याचा परसाद." रामरावांनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. "हाय का नाही?"

गोष्ट तिथं संपायची. नेहमी तिथंच संपायची. गोजराबाईनं चहाची ताटली वसरीत आणून ठेवली आणि आत गेली नाही. उभी राहिली.

"सवाल काय होता, सांगा बरं पुन्हा," ती म्हणाली.

रामरावांनी वर पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत तिनं गोष्टीतलं काही स्वतःहून विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की तिला क्षणभर त्यांची कीव आली. ते नीट बसले, गळा साफ केला, आणि मैदानात म्हणाले असतील तसे हात पुढं करून म्हणाले, "शक्ती मोठी म्हनता, शिवाहून मोठी. त मंग सांगा, शिव जवळ नसताना त्या शक्तीनं एकटीनं काय घडवलं? दाखवा आमाले ती चीज."

"हे मले येते," गोजराबाई म्हणाली.

फय्याजनं कप खाली ठेवला.

"ज्या राती तुमी हे इचारून राह्यले होते, त्या राती मी ह्या भिंतीच्या तिकडे होती. दमनी तुमी नेली. सूर्य निंगाच्या आंधी येतो म्हनून नेली. घरात बंडी होती, बैल एकबी नोता. सासूचा हात चालेना, तिनं फय्याजभाऊच्या मायले हाक मारली. रहमतबी कंदील घेऊन पायी सुईन आनाले गेली, दोन कोस. ती येईपर्यंत जगदेव झाला होता. मंग दुसरं लेकरू."

"दुसरं?" जगदेव म्हणाला.

"तुहं जुळं होतं. पोरगी. पायाळू आली, अडकली. वाशिमले नेली असती त... नेली असती त काय झालं असतं, ते मले नाही ठाव. मी म्हनत नाही का जगली असती. मी म्हनते, न्याले गाडी नोती. कोंबडं आरवलं तवा ती गेली. फय्याजभाऊच्या बापानं बांधावर खड्डा खांदला. मंग तुमी आले, गात गात. तुमाले सांगतलं. त्या दिवशी तुमी जेवले नाही, ते मी पाह्यलं, खोटं कायले बोलू. पर तिसऱ्या दिवशी वसरीत बसून लोकाले ही गोष्ट सांगतली, अन् तिच्यात ती पोरगी नोती. तवापासून तिच्यात कदीच नाही आली. फांद्या आल्या, झाडं आले, दोन हजार माणूस आलं. तिले तेवढी जागा नाही भेटली."

रामरावांचे हात अजून पुढंच होते. त्यांनी ते मांडीवर घेतले.

"अम्मी?" फय्याजनं आतल्या दाराकडं पाहिलं. रहमतबी रंगूचा हात धरून दारात उभी होती.

"सच हाय," रहमतबी म्हणाली. "तुह्या बापानं घरी येऊन फावडं धुतलं. तू झोपला होता. रातीचा जागरनाचा थकला होता न."

फय्याज तुणतुण्याच्या तारेवर नख ओढत बसला. तार वाजली तेव्हा त्याला कळलं, आणि त्यानं ती तळहातानं दाबून धरली. मग तो म्हणाला, "रामराव, गाडी घरी ठेव. मी येत नाही."

गोजराबाईनं पदराला हात पुसले, खुंटीवरचा डफ काढला आणि गुलाम नबीसमोर धरला. "तुमचा सवाल सुटला, नबीभाऊ. शिव गावात नोता, अन् तिनं दोन लेकरं घडवले. एक हे उभं हाय, दाखवा म्हनलं होतं न त दाखवलं. दुसरं बांधावर हाय. त्या राती तुमी हरले नोते. घेऊन जा हे. मले आता याच्या मांगं उंदीर हाकलाले टाइम नाही, मले पोरीचं पाह्यचं हाय."

गुलाम नबी उठला. दोन्ही हातांनी डफ घेतला, कपाळाला लावला. कागदांची सुरळी त्यानं उलगडली, चांगल्या डोळ्याजवळ धरली, काही ओळी पाहिल्या आणि परत गुंडाळली. "चाळीस कडव्यात हे एकबी नाही, बहन," तो म्हणाला. मग रामरावांकडं वळून, "मी सगळ्याइले सांगतो, उत्तर भेटलं. कोनं देलं तेबी सांगतो. तू आज येऊ नको." तट्टाच्या खोगिराला त्यानं डफ बांधला. फाटकाबाहेर गेल्यावर तो एक थाप मारील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यानं मारली नाही.

वसरीतली खुंटी मोकळी दिसत होती. तिच्यामागं भिंतीवर डफाएवढा गोल राहिला होता, बाकी भिंतीपेक्षा पांढरा. जगदेव त्याच्याकडंच पाहत होता. नवीन सदऱ्याची गुंडी त्यानं उगीच काढली, लावली.

"माय, तिचं नाव काय होतं?"

"नाव कोन ठेवीन?" गोजराबाई म्हणाली. "बाप घरी नोता."

रामराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, खांबाला धरून, सावकाश. अंगणात जाऊन त्यांनी डोक्याचा फेटा सोडला, दमणीत रंगूसाठी घडी घालून गादीसारखा टाकला. मग जगदेवला हाक न मारता एकट्यानंच दांड्या उचलून दमणी फिरवली, आणि तिचं तोंड वाशिमच्या रस्त्याकडं करून ठेवलं.

"बैलाले पानी दाखवा," गोजराबाई उंबऱ्यातून म्हणाली. "अन् ते चाक आना देवलाकडून, आजच."